पोटुशीची नजर

ते साल सत्तावन्न होतं. दोस आरोयोस गावातल्या म्हाताऱ्या बाया आजही ते साल आकड्यानं सांगत नाहीत, ‘चेंचा पोटुशी होती ते वर्ष’ असं म्हणतात. त्या वर्षी उत्तरेचा वारा नोव्हेंबरातच सुटला आणि थांबायचं नाव घेईना. डोंगरावरून बारीक पाऊस तिरपा यायचा. कॉफीच्या झाडांखालची पानं कुजून मऊ झाली होती, आणि लाल फळं तोडणाऱ्यांची बोटं गारठून वाकायची नाहीत. कॉफी मात्र अशी लागली होती, की फांद्या जमिनीला टेकलेल्या. म्हणजे तोडणारे पुष्कळ, वाकणं पुष्कळ, आणि खाली पानांत चारनाकीही पुष्कळ.

चारनाकी हा तिकडचा सगळ्यांत वाईट साप. नाकपुड्यांखेरीज तोंडावर आणखी दोन खळगे, म्हणून चारनाकी. वाळक्या पानांत निजली, की पान कुठलं आणि ती कुठली हे पाय पडेपर्यंत कळत नाही. चावली की पाय फुगतो, काळा पडतो, हिरड्यांतून रक्त येतं. माणूस वाचला तरी पाय बहुधा वाचत नाही.

चेंचाचं पाळण्यातलं नाव क्रेसेन्सिया. ती याच गावची. बाप लहानपणी गेला, आणि चुलता माक्लोव्हिओ यानं तिला वाढवलं. हा माक्लोव्हिओ म्हणजे पंचक्रोशीतला सर्पवैद्य. त्याच्याबरोबर रानात हिंडून ती दहाव्या वर्षीच काठीनं साप उचलायला शिकली होती. पुढं चर्चच्या जोगिणींच्या शाळेतून शिष्यवृत्ती मिळाली, राजधानीत जाऊन ती शास्त्र शिकली, एका मोठ्या संस्थेत आधी काचेची भांडी धुतली आणि मग साप हाताळले. सत्ताविसाव्या वर्षी गावात परत आली ती संस्थेची माणूस म्हणून. घरामागच्या फळ्यांच्या खोलीत तिचे साप होते. त्यांचं विष काढून ती राजधानीला पाठवायची, तिकडं ते घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष करायचे, आणि त्याच्या थोड्या कुप्या तिच्याकडं परत यायच्या. सापांच्या पेट्या करायला आलेल्या फिदेन्सिओ सुताराशी तिनं लग्न केलं, तेव्हा गाव म्हणालं, “पेट्यांचे पैसे द्यायला नको म्हणून केलं असेल.”

तिला एकच गोष्ट शोधायची होती. कुणाला औषधाची एक कुपी पुरते, कुणाला चार पुरत नाहीत, हे का? सूज कशी चढते ते पाहून, किती औषध लागेल हे आधी सांगता येईल का? राजधानीतल्या डॉक्टरांनी चावलेल्या माणसापाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी बसून पाहिलं नव्हतं. चेंचा बसायची. शिंप्याची फीत घेऊन पायाचा घेर मोजायची, कातडीचा रंग बघायची, पुन्हा मोजायची. सात हंगाम तिनं हेच केलं. आणखी दोन हंगाम मिळाले असते, तर तिचं काम पुरं झालं असतं.

माक्लोव्हिओकाकाशी तिचा करार होता. कुणाला चावलं की माणसं आधी काकाकडं धावायची, कारण त्याच्यावर विश्वास होता. काका आपली दारूत मुरवलेल्या मुळ्यांची बाटली घेऊन निघायचा आणि वाटेत चेंचाला हाक मारायचा.

“तुझी सुई, माझी बाटली,” तो म्हणायचा. “वाचला तर बाटलीनं, मेला तर सुईनं.”

“चालेल,” ती म्हणायची. “मला फक्त बघू द्या.”

त्या हिवाळ्यात पाचवा महिना लागला तरी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन आता दिवस गेले होते. राजधानीत कळलं तर ते बाळंतपणाच्या नावाखाली हे ठाणंच बंद करतील, अशी तिला भीती होती. गावाची भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. गाव आपलंच, असं तिला वाटत होतं.

एका सकाळी ती आणि फिदेन्सिओ विष काढत होते. त्यानं शेपूट धरलं होतं, तिनं जबड्यामागं बोटं आवळून दात पेल्यावर ताणलेल्या रबरात रुतवले होते. पिवळे थेंब सावकाश पडत होते. दारात सासू एदुविहेस मक्याची कणसं सोलत उभी होती. या खोलीत ती कधी पाऊल टाकायची नाही, पण दारातून सगळं बघायची.

“ही निजलीय का?” तिनं विचारलं.

“थंडी आहे, आई. गारठली की सुस्त होतात.”

“काल फिदेन्सिओ एकटा होता तेव्हा पेटीवर डोकं आपटत होती. थंडी कालपण होती.” एदुविहेसचे हात थांबले. “आज तू आत आलीस आणि सगळ्या पेट्या गप्प झाल्या. कितवा महिना?”

फिदेन्सिओच्या हातून शेपूट सुटायचंच राहिलं. चेंचानं सापाचं डोकं सोडलं नाही, पण कानशिलं तापली. पोटुशी बाई जवळ आली की साप गुंगतो, असं तिकडं मानतात. काल दुपारी ऊन पडलं होतं आणि आज नव्हतं, हे ती सांगू शकत होती. पण महिना तर खराच होता.

“पाचवा,” ती म्हणाली.

“देवा गं,” एदुविहेस म्हणाली, आणि तिला आनंद झाला की धसका बसला, हे तिच्या तोंडावरून कळेना. तिनं कणसं खाली ठेवली, पहिल्यांदाच उंबरा ओलांडला, सुनेच्या कपाळाला हात लावून तो ओठांना लावला आणि म्हणाली, “आता चावलेल्या माणसाकडं जायचं नाही. ठाऊक आहे ना?”

ठाऊक कसं नसेल? पोटुशीची नजर चावलेल्या माणसावर पडली की विष दुप्पट होतं, हे तिनं काकाच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. लहानपणी अशा बायांना हाकलायला तीच दारात काठी घेऊन उभी राहायची.

“आई, ते सगळं —”

“ते सगळं तुझ्या राजधानीत नसेल. इथं आहे.”

संध्याकाळपर्यंत बातमी गावच्या दोन्ही ओढ्यांपलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी भाकरीसाठी मका दळायला ती गिरणीवर गेली, तर बाया हसून बाजूला सरल्या. अभिनंदन करत होत्या, पोटाला हात लावत होत्या, आणि ज्यांची माणसं मळ्यात होती त्या तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हत्या.

आठवडा गेला असेल. सेनोबिओ नावाच्या तोडणाऱ्याला मनगटावर चावलं. माणसांनी त्याला झोळीत घालून खालच्या वाटेनं नेलं, चेंचाच्या घरावरची वाट टाळून. तिला कळलं ते कुत्र्यांच्या भुंकण्यावरून. कुप्या छातीशी धरून चिखलातून ती पोचली, तेव्हा झोपडीचं दार लागलेलं होतं.

सेनोबिओची बायको बाहेर आली. ती काही वाईट बाई नव्हती. तिनं एक तिवई आणली, दाराकडं पाठ येईल अशी ठेवली, आणि हातात गरम कॉफीचा पेला दिला.

“बसा, चेंचाबाई. अशा हालतीत भिजू नका.”

“मला आत सोड. अर्ध्या घटकेचं काम आहे.”

“तिकडं तोंड करून बसा हं.”

“काका!” चेंचानं दाराकडं पाठ ठेवूनच हाक मारली. “काका, तुम्ही तरी सांगा!”

आतून काकाचा आवाज आला, थकलेला. “पोरी, मी सांगितलं आणि हा मेला, तर उद्यापासून मला कोण बोलावील? घरी जा.”

ती गेली नाही. पेला हातात निवला. आतला माणूस आधी कण्हत होता, मग शिव्या देत होता, मग पाणी मागत होता, आणि ती आवाजावरून अंदाज बांधत बसली होती, आता कोपर, आता दंड. दुसऱ्या दिवशी तो गेला. प्रेतयात्रेत बाया म्हणाल्या, बरं झालं चेंचा आत गेली नाही, नाहीतर लगेच गेला असता.

मग तिनं फिदेन्सिओला शिकवायला घेतलं. कच्च्या पपईवर तो सुई टोचायचा. त्याचे हात रंध्याला आणि करवतीला सरावलेले, सुई म्हणजे त्याला पिसाचं खेळणं.

“हळू! भिंतीत खिळा ठोकतोयस का?”

“पपई ओरडली तर थांबेन.”

तो एका बाईला सुई टोचून आला. बाई वाचली. चेंचा उंबऱ्यात वाट बघत होती.

“किती सुजला होता पाय?”

“पुष्कळ.”

“पुष्कळ म्हणजे किती?”

“म्हणजे पाय आहे का टरबूज आहे, कळत नव्हतं एवढा.”

“अरे, फीत दिली होती ना मी!”

“ती ओरडत होती, चेंचा. तिचा नवरा माझ्याकडं बघत होता. त्यात मी फीत काढून शिंप्यासारखा माप घेऊ?” त्यानं हातपाय धुतले आणि जरा वेळानं हळूच म्हणाला, “निळा होता रंग. घोट्यापाशी. तेवढं बघितलं.”

तेवढ्यावर तिनं समाधान मानलं. तेव्हापासून ती घरात कोंडली गेली. सापांच्या खोलीला एदुविहेसनं नवी कडी लावली होती. मळ्यात जायचं नाही, ओढ्यावर जायचं नाही. ती भाकऱ्या थापायची, घेवडा निवडायची आणि कुत्रं भुंकलं की मान वर करायची. पोटातलं लाथ मारायचं. वारा छपराचे पत्रे उचकटायला बघायचा. रस्ता वाहून गेल्यानं राजधानीची गाडी येत नव्हती, आणि औषधाच्या तीनच कुप्या उरल्या होत्या.

तोडणारी माणसं भीतीनं सोडून चालली, तेव्हा फिदेन्सिओ स्वतःच टोपली कमरेला बांधून आपल्या मळ्यात उतरला. फळं झाडावर सडू देणं त्याला बघवेना. दुपारच्या जेवणाला तो आला तो दोन माणसांच्या खांद्यावरून, एक पाय लोंबता ठेवून.

चेंचा चुलीपाशी होती. तिनं आधी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं तिला पाहिलं आणि डोळ्यांवर हात घेतला.

“चेंचा, बघू नकोस माझ्याकडं.”

सात वर्षं ज्यानं तिचे साप धरले, पेट्या केल्या, पपईवर सुया टोचल्या, त्याचे हे शब्द. ती जागच्या जागी उभी राहिली. कुणीतरी तिच्या डोक्यावर शाल टाकली आणि तिला अंगणात नेलं. एदुविहेसनं आतून कडी घातली.

माक्लोव्हिओकाका धापा टाकत आला. त्याला आत जायला दार किलकिलं झालं, आणि चेंचानं त्याची बाही धरली.

“काका. सुई टोचणारा तोच होता. आता कोण टोचणार?”

“मी बाटली —”

“बाटलीनं किती वाचले, खरं सांगा. माझ्यापाशी सांगा.”

म्हाताऱ्यानं बाटली काखेत सरकवली. पावसाचं पाणी त्याच्या हॅटच्या कडेवरून गळत होतं.

“तू आत आलीस आणि तो गेला, तर लोक तुला मारतील. मलाही मारतील.”

“नजर नको ना? नजर नसेल.” तिनं डोक्यावरची शाल काढून त्याच्या हातात दिली. “बांधा माझे डोळे. तुमच्या हातानं बांधा, घट्ट. तोंड दाराकडं करून सगळ्यांसमोर बांधा.”

काकानं शालीकडं पाहिलं. मग बाटलीतला एक घोट तोंडात घेऊन शालीवर फवारला, दोन पदर केले आणि तिच्या डोळ्यांवरून मागं अशी गाठ मारली, की तिचं डोकं ठणकलं.

“नजर नाही तर दोष नाही,” तो मोठ्यानं म्हणाला, अंगणात जमलेल्यांना ऐकू जाईल असं. आतून एदुविहेस काहीतरी ओरडली. काका दाराला खांदा लावून म्हणाला, “बाई, तुझा मुलगा आहे, माझा नाही. उघड.”

दार उघडलं. कुणीतरी तिला दंडाला धरून पलंगापाशी नेलं. दारूचा, घामाचा आणि ओल्या कातड्याचा वास आला. तिनं गुडघे टेकले. पोट मध्ये येत होतं.

“किती मोठी होती?” तिनं विचारलं.

“लहान,” फिदेन्सिओ म्हणाला. “हाताएवढी.”

“आई, सूज कुठवर आहे?”

“घोट्यापर्यंत,” एदुविहेस म्हणाली.

चेंचाला तिकडची रीत माहीत होती. चावलेल्यापाशी वाईट बोलायचं नाही, बोललं की वाढतं. घोटा म्हणजे गुडघा असेल, किंवा जांघही असेल. लहान असेल तर एक कुपी पुरे, आणि दोन उरतील कुण्या दुसऱ्यासाठी. मोठी असेल तर तिन्हीही कदाचित पुरायच्या नाहीत. पायाला हात लावायला ती पुढं झाली, तर एदुविहेसनं मनगट धरलं.

“हात तेवढा देऊ. पाय नाही.”

आयुष्यभर जे बघायला ती बसली, ते हातभर अंतरावर होतं आणि तिच्यासाठी नव्हतं. तिनं मनगट सोडवून घेतलं, चाचपत त्याच्या तोंडापाशी बोट नेलं आणि ओठांतून हिरड्यांवर फिरवलं. बोट काढून आपल्या जिभेला लावलं. खारट, गरम रक्त.

“तिन्ही कुप्या द्या,” ती म्हणाली.

“लहान होती म्हणतोय ना मी,” फिदेन्सिओ कुजबुजला.

“तू गप्प बस.”

काकानं एकेक कुपी फोडून तिच्या हातात दिली, तिनं पाण्यात हलवून विरघळवली. आधी थेंबभर कातडीखाली टोचून ती थांबली. घोड्याच्या रक्ताचं औषध एखाद्याला सोसत नाही, म्हणून. छपराचे पत्रे वाजत होते. मग तिनं कोपराच्या खळगीत बोट ठेवलं. लाकूड तासून तासून त्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. पहिल्याच वेळी सुई बसली. ती सावकाश दाबत राहिली, आणि त्याचा अंगठा तिच्या तळहातावर होता, तो कधी आवळत होता, कधी सुटत होता.

सकाळी हिरड्यांचं रक्त थांबलं. एदुविहेसनं येऊन सांगितलं, “पाय तसाच आहे,” आणि मग पहिल्यांदाच सुनेजवळ खरं बोलली. “जांघेपर्यंत आला होता, पोरी. पिकल्या काळ्या फळासारखा. आता चढत नाहीये.”

पायाची दोन बोटं गेली, पण पाय राहिला.

दोस आरोयोसमध्ये फिदेन्सिओ कशानं वाचला याबद्दल कुणाला शंका नव्हती. माक्लोव्हिओकाकानं फवारलेली ती शाल. शालीच्या आड कोंडलेली पोटुशीची नजर उलटी फिरली आणि तिनं विष मागं ढकललं, असं काका सांगू लागला. सांगता सांगता त्याचाही त्यावर विश्वास बसला.

मार्चमध्ये चेंचाला मुलगी झाली. चाळीस दिवस पाळून ती पहिल्यांदा चावलेल्याकडं निघाली, तेव्हा तिच्या अंगात हलकेपणा होता, हातात नवी फीत होती. रस्ता सुरू झाला होता, कुप्या आल्या होत्या. तिला हाकही मारली होती, स्वतःहून. दारात त्या घरची म्हातारी उभी होती, हातात धुतलेला स्वच्छ पंचा घेऊन.

“बांधा, मग आत या.”

“मावशी, आता मला दिवस नाहीत गेलेले. पोर घरी झोपलंय.”

“माहीत आहे की. माझ्या सुनेनंच न्हाऊ घातलंय त्याला.”

“मग कशाला?”

“फिदेन्सिओ कसा वाचला?” म्हातारी म्हणाली, जणू लहान मुलाला सांगावं तसं. “उघड्या डोळ्यांनी तुम्ही पुष्कळ बघितलेत, चेंचाबाई. किती मेले, किती लंगडे झाले. बांधलेल्या डोळ्यांनी एक बघितला, तो चालतोय. माझ्या पोरावर उघडी नजर नको.”

चेंचा उभी राहिली. सगळं ती समजावून सांगू शकली असती, एक कुपी आणि तीन कुप्या, हिरड्या आणि रक्त. आत पोरगा कण्हत होता. तिनं पंचा घेतला आणि बांधला.

त्यानंतर तिनं तो सोडला नाही, कारण कुणी सोडू दिला नाही. तिला मात्र आता सगळीकडून बोलावणं यायचं, कातेमाकोच्या तळ्यापलीकडून घोडी यायची न्यायला. पूर्वीपेक्षा जास्त माणसं वाचू लागली, कारण काकाच्या बाटलीआधी आता लोक तिला बोलवायचे. एकाचाही पाय तिनं पाहिला नाही.

एदुविहेस तिच्याबरोबर जाऊ लागली. फीत म्हातारीच्या हातात असायची. पण रीत सुटेना. गुडघ्याला ती घोटा म्हणायची, आणि बाहेर आल्यावर हळूच खरं सांगायची, तोवर वेळ गेलेली असायची. राजधानीतल्या डॉक्टरांनी विचारलं, ही मापं कुणाच्या डोळ्यांनी घेतलीत? चेंचानं खोटं सांगितलं नाही. तिची पहिल्या सात हंगामांची मापं त्यांनी स्वीकारली, पुढचं एकही नाही. तिचा प्रश्न तिथंच राहिला.

एदुविहेस एकसष्ट साली गेली, फीत उशाखाली ठेवून. माक्लोव्हिओकाका सत्तर सालाच्या आसपास अंथरुणातच मेला. त्याला कधीच साप चावला नाही, आणि याचं त्याला शेवटी थोडं वाईट वाटायचं. मुलगी आम्पारो सान आन्द्रेसच्या साखर कारखान्यात कारकून झाली. पाल दिसली तरी ती अजून खुर्चीवर चढते. सापांची खोली संस्थेनं बंद केली ती चौऱ्याहत्तर साली, तेव्हा फिदेन्सिओनं त्या फळ्यांची कोंबड्यांची खुराडी केली.

फिदेन्सिओनं तो पाय तिला कधी दाखवला नाही. न्हाणं वेगळं, विजार लांब, उन्हाळ्यातही मोजा. एकदा तो झोपला असताना तिनं विजार वर सरकवली, तर तो जागा होऊन पोरासारखा रडला. पुन्हा तिनं हात लावला नाही. चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात, उत्तरेचा वारा सुटलेला असताना, छातीच्या दुखण्यानं तो गेला.

बाया पाणी घेऊन आल्या. कपडे उतरवताना शेजारणीनं सवयीनं पंचा पुढं केला. चेंचानं तो घेतला, कोमट पाण्यात बुडवून पिळला, आणि त्याच पंच्यानं त्याचा पाय पुसायला घेतला, बोटं नसलेल्या जागेपासून वर. पोटरीवर, चकाकत्या डागाच्या मधोमध, दोन पांढरे ठिपके होते. तिनं त्या दोहोंच्या मधल्या जागेत बोटं ठेवली. एक बोट मावलं. दुसरंही मावलं. एवढ्या अंतरावरचे दात हाताएवढ्या पिलाचे नसतात. ती म्हातारी मादी होती, माणसाच्या उंचीची, दंडाएवढी जाड.

“लहान होती म्हणे,” चेंचा म्हणाली. “खोटारडा कुठला.”

आणि ती तशीच बसून राहिली, बोटं तिथं ठेवून, डोळे भरून बघत. बायांनी पाणी पुन्हा तापवायला ठेवलं.